विषाणूची कात्री

श्रोतेहो, कोराडीचे नाव काढले की विदर्भातल्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. एक जगदंबेचे देऊळ आणि दुसरी औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. १९७४ साली येथला पहिला संच सुरू झाला, तेव्हापासून या गावाच्या दोन-तीन पिढ्या कोळसा, बॉयलर, टर्बाइन आणि झडपा यांच्या सहवासात वाढल्या. यंत्र म्हणजे काय, ते कशाने चालते आणि कशाने अडते, हे येथल्या माणसाला पुस्तकातून शिकवावे लागत नाही. म्हणूनच आज ज्या यंत्राची कथा आम्ही सांगणार आहोत, ते डोळ्यांना दिसत नसले तरी या सभेला परके वाटणार नाही, अशी आमची खात्री आहे.

हे यंत्र म्हणजे एक कात्री आहे. मिलिमीटरचे दोन लाख भाग केले, तर त्यांतल्या एका भागाएवढी सुमारे तिची लांबी. ही कात्री विषाणूच्या पोटात असते. ती चालली तर रोग पसरतो. ती अडकवता आली तर मरणाच्या दारातला माणूस पुन्हा कामावर येतो. ही कात्री माणसाला कशी सापडली, ती काय पाहून कापते आणि तिला अडकवण्याचे औषध गरिबाच्या हाती कसे आले, हा इतिहास आहे. तो सांगण्यास कामगार संघटनेचा माणूस का उभा राहिला, असे कोणी विचारील. आमचे शिक्षण कॉलेजात झाले नाही. वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. या इतिहासाचा शेवटचा भाग मात्र प्रयोगशाळेत घडलेला नाही. तो न्यायालयात, इस्पितळाच्या रांगेत आणि कारखान्याच्या फाटकाशी घडलेला आहे, आणि ती जागा आमच्या ओळखीची आहे.

आरंभ पोटापासून करू. आपण डाळ खातो, अंडे खातो, त्यात प्रथिने असतात. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ समजा. वीस जातींचे मणी, त्यांना ॲमिनो आम्ले म्हणतात. ते एकापुढे एक गुंफले की माळ होते आणि माळेची विशिष्ट घडी पडली की ती कामाला लागते. ही माळ तोडल्याखेरीज अन्न अंगी लागत नाही. ते तोडण्याचे काम जी प्रथिने करतात त्यांना एन्झाइम म्हणतात. मटण लवकर शिजावे म्हणून आपल्या घरच्या बायका त्याला कच्ची पपई लावतात, तेव्हा पपईच्या चिकातले असेच एक एन्झाइम त्या माळा तोडीत असते. १८३६ साली थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाने जठरातल्या अशा द्रव्याला पेप्सिन हे नाव दिले. १९३० साली अमेरिकेत जॉन नॉर्थ्रप यांनी त्याचे स्फटिक तयार केले आणि एन्झाइम हे प्रथिनच असते, याविषयीच्या वादात त्या स्फटिकांनी मोठी भर घातली.

पुढची पायरी १९३४ सालची. केंब्रिजमध्ये जे. डी. बर्नाल आणि त्यांच्या तरुण सहकारी डोरोथी क्रोफूट यांनी पेप्सिनच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले. पूर्वीच्या प्रयत्नांत स्फटिक वाळून जात आणि चित्र उमटत नसे. या दोघांनी तो त्याच्याच द्रवात ओला ठेवला आणि प्रथिनाच्या स्फटिकाचे पहिले स्पष्ट क्ष-किरण चित्र मिळाले. प्रथिनाला निश्चित आकार असतो आणि तो माणसाला मोजता येईल, ही आशा त्या दिवशी उत्पन्न झाली. बर्नाल पुढे लंडनच्या बर्कबेक कॉलेजात गेले. या कॉलेजाची स्थापना १८२३ साली झाली ती हातांनी काम करणाऱ्या कारागिरांना शिकता यावे म्हणून. तेथले वर्ग संध्याकाळी, काम सुटल्यावर भरत. आमच्या कथेतील एक धागा याच कामगारांच्या कॉलेजातून जातो, हे आम्ही अभिमानाने नोंदवून ठेवतो.

आता विषाणूकडे वळू. विषाणू हा फार कंजूष प्राणी आहे. त्याला प्राणी म्हणावे की नाही हाही वादच आहे. स्वतःचा कारखाना त्याच्याजवळ नाही. तो आपल्या पेशीत शिरतो आणि आपल्याच यंत्रावर आपला माल काढून घेतो. त्याची एक युक्ती १९६८ साली पोलिओच्या विषाणूवर काम करताना अमेरिकेतील संशोधकांच्या ध्यानात आली. पोलिओचा विषाणू आपली प्रथिने निरनिराळी बनवून घेत नाही. तो एकच अतिशय लांब माळ बनवून घेतो आणि मग ती ठरावीक ठिकाणी कापून तिची अनेक प्रथिने करतो. नागपूरच्या कोष्टी बांधवांना हे सांगावयास नको. एका लांब ताण्यावर एकापाठोपाठ एक लुगडी विणली जातात. दोन लुगड्यांच्या मध्ये खूण ठेवलेली असते आणि तेथेच कात्री चालते. खूण सोडून कात्री चालली तर लुगडे वाया जाते. पोलिओची कात्री त्या लांब माळेतच विणलेली असते, म्हणजे कापडातूनच कात्री बाहेर पडते. आणि ती एवढ्यावर थांबत नाही. पेशीला स्वतःची प्रथिने बनविण्यास लागणारे एक महत्त्वाचे प्रथिनही पोलिओची एक कात्री कापून टाकते. मालकाचे काम बंद आणि घुसखोराचे काम सुरू, असा तो प्रकार आहे.

येथे एक भेद लक्षात घ्यावा. आपल्या पोटातले पेप्सिन कोळशाच्या क्रशरसारखे आहे. समोर येईल ते बारीक करावयाचे, फारसा विधिनिषेध नाही. विषाणूची कात्री शिंप्याच्या कात्रीसारखी आहे. ती नेमक्या रेघेवर चालते. मग ही रेघ तिला दिसते कशी? या प्रश्नाचे उत्तर एका भयंकर रोगाच्या निमित्ताने मिळाले.

१९८३ साली पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एड्सचा विषाणू वेगळा करण्यात आला. आज त्याला एचआयव्ही म्हणतात. १९८६ साली तो भारतात असल्याचे मद्रासमध्ये उघड झाले आणि त्याच वर्षी मुंबईत एड्सचा रोगी आढळला. १९८५ साली या विषाणूची सगळी जनुकीय लिपी वाचून झाली होती. त्या लिपीत ९९ मण्यांचे एक छोटेसे प्रथिन होते. त्यात तीन मण्यांची एक खूण सापडली आणि ती जाणकारांना ओळखीची वाटली, कारण तीच खूण पेप्सिनमध्ये होती. पेप्सिनमध्ये मात्र ती दोनदा येते, त्याच्या दोन पाळ्यांत एकेकदा. येथे ती एकदाच होती. एका पात्याची कात्री कशी कापणार?

याचे उत्तर जणू आधीच लिहून ठेवलेले होते. १९७८ साली जॉर्डन टँग, बर्कबेकचे टॉम ब्लंडेल आणि त्यांचे सहकारी यांनी असे सुचविले होते की, पेप्सिनच्या दोन पाळ्या इतक्या सारख्या आहेत की मुळात एकच अर्धे प्रथिन दुप्पट होऊन पेप्सिन झाले असावे. त्यापूर्वी दोन सुटे अर्धे एकत्र येऊन काम करीत असतील. १९८७ साली लंडनमधील लॉरेन्स पर्ल आणि विल्यम टेलर यांनी हा विचार विषाणूला लावला. विषाणूने अर्धीच कात्री ठेवली आहे. तसली दोन प्रथिने जवळ आली की एक पूर्ण कात्री होते, असे त्यांनी मांडले. दोन्ही पाती एकाच साच्यातली. कंजूष विषाणूला शोभेलशीच ही काटकसर!

१९८८ साली अमेरिकेत प्रयोग झाला. या कात्रीचा पंचविसावा मणी, म्हणजे जो प्रत्यक्ष कापतो तो, बदलून टाकला. विषाणू तयार झाले, पेशीबाहेरही पडले; पण ते कच्चे राहिले, कोणालाही बाधा करू शकेनात. कापड विणले गेले होते, लुगडे झाले नव्हते. कात्री अडकविली तर रोग अडकतो, हे त्या दिवशी सिद्ध झाले. १९८९ च्या फेब्रुवारीत मर्क कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कात्रीचे पहिले चित्र प्रसिद्ध केले. काही महिन्यांतच अलेक्झांडर व्लोडावर यांच्या गटाने दुसरे चित्र दिले आणि पहिल्यात जी टोके नीट जुळली नव्हती ती जुळवून दाखविली. या दुसऱ्या गटाने वापरलेले प्रथिन कोठल्याही सजीवाने बनविलेले नव्हते. स्टीफन केंट यांनी ते प्रयोगशाळेत मणी मणी जोडून तयार केले होते.

त्या चित्रात काय दिसले? दोन अर्ध्यांच्या मध्ये एक बोगदा. बोगद्याच्या तळाशी दोन्हीकडचा पंचविसावा मणी समोरासमोर. वरती दोन झडपा. माळ आत आली की झडपा तिच्यावर मिटतात. बोगद्यात माळेचे सुमारे आठ मणी मावतात, कापाच्या जागेच्या अलीकडे चार आणि पलीकडे चार. आणि प्रत्यक्ष कापतो कोण? पाणी! त्या दोन मण्यांनी पाण्याचा एकच रेणू धरून ठेवलेला असतो. तो माळेच्या सांध्यावर आदळतो, क्षणभर एक अर्धवट अवस्था निर्माण होते आणि माळ दुभंगते. पाण्याच्या वाफेने अजस्र टर्बाइन फिरवणाऱ्या या गावाने पाण्याच्या या एका रेणूचेही कौतुक करावे.

आता ओळखण्याचा प्रश्न. एचआयव्हीच्या लांब माळांत कापण्याच्या ज्या जागा आहेत, त्यांतले मणी ताडून पाहिले तर ते एकमेकांशी जुळत नाहीत. कोठे टायरोसिन आणि प्रोलिन यांच्यामध्ये काप आहे, कोठे ल्युसिन आणि ॲलॅनिन यांच्यामध्ये, कोठे दोन मेथिओनिनांच्या मध्ये. मग खूण ती कोणती? अमेरिकेतील सेलिया शिफर यांच्या गटाने २००२ साली याचा उलगडा केला. मणी निराळे असले तरी ते बोगद्यात बसताना जो घाट घेतात तो सर्वांचा सारखा असतो. कात्री नाव विचारीत नाही, घाट पाहते. पहाटेच्या अंधारात फाटकावरचा जुना पहारेकरी आपल्या माणसाला चेहऱ्यावरून नव्हे, चालण्याच्या ढबीवरून ओळखतो, तसेच हे आहे.

या कथेत महाराष्ट्राचा वाटा काय, असा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. तो वाटा आहे आणि तो लहान नाही. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. एम. व्ही. होसूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कात्रीचे स्फटिक तयार केले. दोन अर्धी सुटी होऊ नयेत म्हणून त्यांनी ती एका लहान दुव्याने जोडलेली वापरली. दोन डबे कपलिंगने जोडावेत तसे. २००१ साली त्यांनी दाखविले की, या स्फटिकात बोगदा रिकामा असतानाही झडपा मिटलेल्या असतात. मग त्यांनी एक धाडसी विचार केला. तोवर बहुतेक चित्रे औषधाने अडकलेल्या कात्रीची किंवा मुद्दाम निकामी केलेल्या कात्रीची होती. चालत्या कात्रीचे चित्र का काढू नये? विषाणूच्या कापाच्या एका जागेवरून बेतलेले माळेचे छोटे तुकडे हवे होते. त्या कामात मुंबईतील राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या डॉ. स्मिता महाले त्यांच्या सहकारी होत्या. ही संस्था परळची. ज्या परळने गिरण्यांचे भोंगे ऐकले आणि १९८२ चा संप पाहिला, तेच हे परळ. स्फटिक त्या तुकड्यांच्या द्रावणात भिजवले. तुकडे स्फटिकाच्या आत गेले आणि कात्रीने ते स्फटिकातच कापले. २००५ साली या गटाने कापण्याच्या मधली ती क्षणभंगुर अवस्था पकडल्याचे प्रसिद्ध केले. २००६ साली फ्रान्समधील ग्रेनोबलच्या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी नुकतेच कापलेले दोन्ही तुकडे कात्रीच्या तोंडात असतानाचे चित्र दिले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. माला राव यांचा गट याच जातीच्या एन्झाइमांना अडकविणारी द्रव्ये जिवाणूंत शोधीत होता. हे काम आपल्या राज्यात, सार्वजनिक पैशावर, आपल्या करातून झालेले आहे. त्याची माहिती आपल्याला नसावी, ही गोष्ट चांगली नाही.

कात्री अडकवायची कशी, याची कल्पनाही जुनीच होती. १९७० साली जपानमध्ये हामाओ उमेझावा यांच्या गटाला एका जिवाणूत पेप्स्टॅटिन नावाचे द्रव्य सापडले. ते कापल्या जाणाऱ्या माळेसारखे दिसते. पण ज्या सांध्यावर काप बसावयाचा तो सांधा त्यात कापण्याजोगा नसतो. कात्री फसते, ते तोंडात धरते आणि अडकून बसते. हाच डाव औषध बनविणाऱ्यांनी खेळला. एचआयव्हीची कात्री काही ठिकाणी प्रोलिनच्या आधी कापते आणि आपल्या शरीरातल्या कात्र्या तसे सहसा करीत नाहीत. तेव्हा त्या जागेची नक्कल केली तर शत्रूची कात्री अडकेल आणि आपल्या कात्र्या सुटतील, हा हिशेब. १९९५ च्या डिसेंबरात सॅक्विनाविर हे या जातीचे पहिले औषध अमेरिकेत मंजूर झाले; १९९६ साली रिटोनाविर आणि इंडिनाविर आली. इतर औषधांच्या जोडीने ती दिली गेली, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसे उठून बसली. विषाणू मात्र स्वस्थ बसत नाही. औषधात खंड पडला की तो कात्रीचा घाट किंचित बदलतो आणि औषध तिच्या तोंडात बसेनासे होते. गोळी चुकवू नका असे डॉक्टर पुन्हा पुन्हा सांगतात, त्याचे कारण हे आहे.

येथवर शास्त्राची कथा झाली. येथून पुढे आमची.

१९९७ साल डोळ्यांपुढे आणा. औषध निघाले होते. पण एका रोग्याच्या वर्षाच्या औषधांना दहा ते पंधरा हजार डॉलर पडत. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयापुढे एका हंगामी मजुराचा दावा आला. तो एका सार्वजनिक उद्योगात कामाला होता. रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला म्हणून त्याला काम नाकारले होते. निकालात त्याचे नाव छापलेले नाही, दोन इंग्रजी अक्षरे तेवढी आहेत. न्यायालयाने त्याला नाव गुप्त ठेवून लढू दिले आणि निर्णय दिला की, माणूस काम करण्यास समर्थ असेल आणि त्याच्यापासून इतरांना धोका नसेल, तर केवळ या कारणावरून त्याची रोजी हिरावता येणार नाही. एका अनाम मजुराने हा हक्क सर्वांसाठी मिळविला आहे. कोळशाचे ट्रक हाकणारे, राख वाहणारे, कंत्राटदाराच्या चिठ्ठीवर आत येणारे जे आमचे भाऊ, त्यांच्यासाठी हा निकाल एखाद्या करारापेक्षा कमी मोलाचा नाही. पुढे २०१७ चा एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा आला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. नोकरीतला भेदभाव त्याने बेकायदा ठरविला. तरीही एका ठिकाणी तपासणीचा कागद मुकादमाच्या खिशातून चहाच्या टपरीवर फिरलेला आम्ही पाहिला आहे. कायद्याला पाय फुटावयाचे तर कोणीतरी त्याच्याबरोबर चालावे लागते.

औषधाच्या किमतीचा इतिहासही असाच. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी दिली नव्हती. निराळ्या कृतीने तेच औषध बनविण्याची मोकळीक होती. त्या मोकळिकीवर मुंबईची सिप्ला कंपनी उभी राहिली आणि २००१ च्या फेब्रुवारीत तिचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांची वर्षाची मात्रा ३५० डॉलरला देऊ केली. दिवसाला एक डॉलरहूनही कमी. ही तीन औषधे कात्री अडकविणाऱ्या जातीची नव्हती, विषाणूच्या दुसऱ्या एका एन्झाइमावरची होती. पण किमतीचा गड एकदा ढासळला तो ढासळलाच. १ एप्रिल २००४ पासून सरकारने निवडक इस्पितळांत ही औषधे मोफत देण्यास सुरुवात केली, त्यांत मुंबईचे जे. जे. होते. पहिली औषधे निकामी झालेल्यांना २००८ पासून दुसऱ्या फळीची औषधे मिळू लागली. त्यांत ही कात्री अडकविणारी औषधे आली. १९९५ साली अमेरिकेत निघालेल्या औषधाच्या जातीला आपल्या सरकारी इस्पितळाच्या रांगेपर्यंत येण्यास बारा वर्षे लागली. त्या बारा वर्षांत जे गेले त्यांची नावे कोणत्या वहीत लिहावीत?

२०२० साली पुन्हा एक विषाणू आला. सारा देश घरात बसला होता, तेव्हा वीज केंद्रातल्या पाळ्या चालूच होत्या. बॉयलरला टाळेबंदी ठाऊक नसते. या विषाणूचीही एक मुख्य कात्री आहे. ती लांब माळ अकरा ठिकाणी कापते आणि बहुधा ग्लुटामिन या मण्यानंतरच कापते. आपल्या शरीरात तसली कात्री नाही, म्हणून तिला अडकविणे सोपे. तिचे चित्र शांघायच्या शास्त्रज्ञांनी २०२० च्या आरंभीच काढून जगाला खुले केले. २०२१ च्या डिसेंबरात निर्माट्रेलविर हे औषध अमेरिकेत वापरास आले. ते शरीरात टिकावे म्हणून त्याच्या जोडीला दिले जाते ते जुने रिटोनाविर, १९९६ साली एड्ससाठी निघालेले. एका रोगात मिळविलेले ज्ञान दुसऱ्या रोगात असे कामी येते.

श्रोतेहो, १८३६ मध्ये जठरातल्या एका रसाला नाव मिळाले आणि तेथून ट्रॉम्बेच्या स्फटिकापर्यंत पोहोचण्यास जगाला १७० वर्षे लागली. त्या वाटेवर जर्मन, इंग्रज, जपानी, अमेरिकन आणि मराठी मुलखात काम करणारी माणसे भेटतात. आधीच्याने लिहून ठेवले म्हणून पुढच्याला पुढे जाता आले, आणि ज्या ठिकाणी ते कुलपात गेले तेथे माणसे रांगेत उभी राहिली. म्हणून जाताना तीन गोष्टी मागतो. रक्ताची तपासणी लाज न बाळगता करून घ्या. औषध चालू असेल तर एकही गोळी चुकवू नका. आणि शेजारच्या माणसाचा तपासणीचा कागद कोणाच्या हाती दिसला, तर तो त्याच्या हातून घेऊन ज्याचा त्याला परत करा; कोणी त्या कागदावरून काम नाकारू लागला, तर १९९७ च्या त्या बिननावाच्या मजुराचा निकाल आणि २०१७ चा कायदा त्याला वाचून दाखवा. वाचता येत नसेल तर आमच्या कचेरीत या. आम्ही वाचून दाखवू.